मागच्या खोलीतली मनुबाई

नम्रतेवर मी आजवर बारा-तेरा भाषणं तरी केली असतील. महिला मंडळात केली, तरुणांच्या शिबिरात केली, एकदा तर मिरजेला तीन मंडळ्यांच्या एकत्र सभेत केली. प्रत्येक भाषणाच्या शेवटी मनुबाई यायचीच. "आमच्या मंडळीत एक बहीण आहे," असं म्हणून मी जरा थांबायचे आणि लोक सावरून बसायचे. मला बोलायला आवडतं हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, समोर चार माणसं दिसली की जीभ आपोआप सुटते. पण मनुबाईबद्दल मी जे जे बोलले ते सगळं चूक होतं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमची ख्रिस्ती मंडळी कराडजवळच्या मलकापुरात, हायवेपासून दोन गल्ल्या आत. पन्नासेक घरं असतील. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, बाहेरच्यांना त्याची गंमत वाटते. देवळावर पत्रा आहे आणि मागच्या अंगाला एक अंधारी खोली. त्या खोलीत सतरंज्या, पेटी, ढोलकी, नाताळचा तारा आणि मनुबाई. तिची राहायची खोली कंपाउंडात वेगळी होती, पण ती दिसायची इथेच. झाडलोट करायची, घंटा वाजवायची, सतरंज्या घालायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, त्याची सगळी तयारी तीच करायची.

प्रभुभोजन म्हणजे पावाचा एवढासा तुकडा आणि बोटभर पेल्यात द्राक्षरस. हा रस मनुबाई घरी करायची. तासगावचे काळे बेदाणे आणून रात्रभर भिजत घालायचे, सकाळी मंद आचेवर उकळायचे आणि फडक्यातून पिळायचे. बाजारच्या बाटलीतला रस आणू या, असं दरवर्षी कुणीतरी सुचवायचं आणि मनुबाईच्या रसाची चव आठवून गप्प बसायचं.

ती मूळची दहिवडीच्या पुढची. घरची मेंढरं, पाऊस पडला तर बाजरी. सोळाव्या वर्षी लग्न झालं. पायाला जखम होऊन ती चिघळली तशी नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं आणि परत न्यायला कधी आलाच नाही. कुणीतरी तिला मिशनच्या दवाखान्यात आणलं. तिथल्या नर्सबाईंनी पाय वाचवला आणि अक्षरओळखही करून दिली. सव्विसाव्या वर्षी मनुबाईनं बाप्तिस्मा घेतला. गावानं तोंड फिरवलं. एक थोरली बहीण तेवढी, रंगूबाई, वर्षातून दोनदा पिशवीत बाजरी घेऊन यायची, दिवसभर बसायची आणि संध्याकाळच्या गाडीनं जायची.

पुढे त्यांची आई आजारी पडली. रंगूबाईनंच तिला कराडला दाखवायला आणलं आणि मनुबाईकडे ठेवलं. दोन महिन्यांनी म्हातारी इथेच गेली. शेवटच्या घटकेला तिनं प्रभूला पत्करलं, लेकीच्या हातून तिचा बाप्तिस्मा झाला, तिचे ओठ हलले आणि ती "आमेन" म्हणाली, असं आम्ही ऐकलं होतं. त्या वेळचे पाळक फार आनंदले होते. हीसुद्धा गोष्ट मी माझ्या भाषणात घालत असे. इथे आवाज थोडा खाली आणायचा हे मला पक्कं ठाऊक होतं.

मनुबाईची नम्रता म्हणजे काय, तर ती शेवटच्या रांगेत खाली बसायची. खुर्च्या आल्या तरी खालीच. प्रीतिभोजनात सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. कुणी कौतुक केलं की मान खाली घालून म्हणायची, "न्हाई वो टीचर, तसं काय न्हाई." आम्हाला वाटायचं, हीच तर खूण.

गेल्या वर्षी जानेवारीत मंडळीच्या वर्धापनदिनाची कमिटी बसली. आमचे पाळक रेव्हरंड शांतवन साबळे सांगलीहून नवीनच आले होते. तरुण, उत्साही, दर आठवड्याला एक नवी कल्पना. त्यांनी सुचवलं की यंदा मनुबाईंचा सत्कार करायचा. शाल द्यायची, मानपत्र द्यायचं आणि त्या दिवशीच्या प्रभुभोजनात त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवून पहिला पेला त्यांनाच द्यायचा. सगळ्यांनी हात वर केले. मी मंडळीची सेक्रेटरी, तेव्हा मानपत्र लिहिणं माझ्याकडे आलं. एका बैठकीत लिहून टाकलं. 'नम्र' हा शब्द त्यात सात वेळा आला होता, हे मागाहून लक्षात आलं.

ही बातमी द्यायला मी मागच्या खोलीत गेले. मनुबाई पेले पुसत होती.

"पहिला पेला मला? समद्यांम्होरं?"

"मग काय, इथे मागं आणून देऊ?" मी थट्टा केली.

तिनं हातातला पेला खाली ठेवला. "टीचर, माझं नाव काढा त्यातनं. तुमच्या पाया पडते."

मला हसू आलं. तिच्या पाठीवर थोपटून मी निघून आले आणि त्याच संध्याकाळी महिला मंडळात हा प्रसंग रंगवून सांगितला. सगळ्या बायका म्हणाल्या, बघा बाई, अशी माणसं राहिली नाहीत आता.

तीन दिवसांनी मनुबाई माझ्या दारात उभी. इतक्या वर्षांत ती माझ्याकडे पुढच्या दारानं कधी आली नव्हती. म्हणाली, "टीचर, माझ्यासंगं आक्काकडं येता का? एकली गेले तर दारातनंच माघारी यीन."

सकाळची गाडी धरली. मनुबाई खिडकीशी बसली, मांडीवर पिशवी घट्ट धरून. पुसेसावळी गेली. ऊस मागे पडला, रान उघडं दिसायला लागलं, तेव्हा बाहेर बघतच ती म्हणाली, "टीचर, मी प्रभुभोजन घेत न्हाई."

"म्हणजे?"

"आई गेल्यापासनं न्हाई. एकुणीस वरसं झाली."

मला आधी कळेचना. मग आठवायला लागले. तबक फिरायला लागलं की मनुबाई कुठे असते? मागच्या खोलीत. पेले धुवायला पाणी तापत ठेवायचं असतं. पहिल्या रांगेतले रिकामे पेले आत आणायचे असतात. आम्ही सगळे समजत होतो की ती तिकडेच घेत असेल. मी दर पहिल्या रविवारी डोकी मोजून वहीत लिहिते, आणि त्या आकड्यात मनुबाईला न बघता धरते.

"रस तुम्ही करता," मी म्हणाले. मला काहीतरी बोलायचं होतं.

"करते की. पर जिभंला लावत न्हाई. गोडी वासावरनं कळती."

आमच्या माणसांत एक रीत फार कडक आहे. कुणाशी वाकडं असेल तर त्या पेल्याला हात लावायचा नाही. आधी जाऊन समेट करायचा, सलाम म्हणायचं, आमचा नमस्कार तोच, मग हात पुढं करायचा. माझे वडील एकदा शेजाऱ्याशी भांडण झालं म्हणून दोन महिने पेला पुढं सरकवत होते. तिसऱ्या महिन्यात आईनंच त्यांना टोपी हातात देऊन शेजारी पाठवलं, कारण रांगेत पेला कोण सरकवतो हे सगळ्यांना दिसतं आणि दुपारपर्यंत घरोघर पोचतं. दोन महिने ही आमच्याकडे मोठी गोष्ट. एकोणीस वर्षं कुणी ऐकलीही नसतील.

मला राग आला. आधी तिचा आला, आम्हाला फसवलं म्हणून. गाडी वडूजला पोचेस्तोवर तो माझ्यावरच उलटला होता.

"आक्काशी वाकडं कशानं झालं?"

"मातीवरनं."

आमच्या भागात पुरलं काय नि जाळलं काय, दोन्हीला माती म्हणतात. कुणी गेलं की गावोगाव एवढाच निरोप जातो की माती अमुक वाजता आहे, आणि माणसं निघतात. आई गेली त्या सकाळी मनुबाईनं बहिणीच्या गावातल्या दूध डेअरीत फोन केला आणि सांगितलं, माती पाचला आहे. प्रत्यक्षात म्हातारीला बाराला कबरीत ठेवलं. रंगूबाई आणि गावची माणसं जीप करून चारला पोचली. अंगावर घालायचं लुगडं रंगूबाईच्या पिशवीतच राहिलं.

"त्ये लोक आलं असतं तर आईला गावाकडं न्हेलं असतं, जाळलं असतं. म्हणून खोटं बोलले. प्रभूसाठी बोलले असं तवा वाटलं हुतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "रविवारी पाळक पेला घिऊन आले, आन् माझा हातच वर झाला न्हाई."

"मग इतक्या वर्षांत आक्काकडं का नाही गेलात?"

"लाज वाटली. मग तुमी समदी मला चांगली म्हणाय लागला. मग लईच लाज वाटाय लागली."

रंगूबाईची वस्ती दहिवडीहून पुढे रिक्षानं चार मैल. दोन खोल्यांचं घर, समोर शेळ्यांचं पत्र्याचं शेड, एक बाभूळ. मुलगा अमृत मुंबईला असतो. सून सोनम शेड झाडत होती. पायरीवर एक उंच, वाळलेली म्हातारी हुलगे निवडत बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितलं.

"कोण, मनी?"

"व्हय आक्का."

"म्हातारी झालीस की गं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बसा बाई. सोनम, च्या टाक."

चहा आला. मी घेतला. मनुबाईनं कप खाली ठेवला आणि बहिणीच्या पायापाशी जमिनीवर बसली. आल्या आल्या, चौकशी नाही काही नाही, सांगून टाकलं. डेअरीतला फोन, पाच वाजता, बारा वाजता, मुद्दाम केलं, भ्याले होते.

रंगूबाई सुपातले खडे बाजूला काढत राहिली. "ठावं हाय मला. चारला आलो तर खड्डा बुजवून वरची फुलं सुकाय लागलीती. मी काय आंधळी हुते तवा? लय दिस जळले बग मने. आईचं त्वांड बघू दिलं न्हाईस. लुगडं माघारी न्हेलं, त्ये कुणाला नेसवायचं? पर मानूस किती दिस जळंल? आमचं ह्ये गेल्यावर सोडून दिलं म्या. आईनं सोता तुझा देव पत्करला तर मी कोण मधी बोलणारी? म्हातारी समाधानानं गेली न्हवं? मग झालं."

ती हे अगदी साधेपणानं बोलली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला वाटलं, झालं, मिटलं. आता सलाम म्हणायचं, गळ्यात पडायचं, तीनची गाडी धरायची. रविवारी मनुबाई पेला घेईल, आणि मला पुढच्या भाषणाला आणखी एक गोष्ट मिळाली, हेही त्या क्षणी माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू? मी पर्स उचलली.

मनुबाई उठली नाही.

"आक्का, आईनं काय पत्करलं न्हाई."

रंगूबाईचा हात थांबला.

"ती पाणी मागत हुती. दोनदा म्हणाली, पाणी, पाणी. वाटीत घोटभर हुतं. म्या म्हटलं, आता चालली ही, आता न्हाई तर कवाच न्हाई. बापाच्या, पुत्राच्या नावानं वाटी तिच्या टाळूवर ओतली. मग परत भरून आणाय हंड्याकडं गेले. आले तर गेलती. ओतताना तिचं व्हट हालत हुतं आक्का. मला वाटलं आमेन म्हणतीया."

मी जवळच होते. तिचा पदर ओढून तिला थांबवता आलं असतं. क्षमा तर मिळालीच होती, पदरात पडली होती. पण ही बाई अर्ध्या खरेपणावर मिळालेली क्षमा घ्यायला तयार नव्हती. आणि मी मात्र एकोणीस वर्षं त्या हलणाऱ्या ओठांवर लोकांना रडवत आले होते. मी उचललेली पर्स पुन्हा खाली ठेवली.

रंगूबाईनं सूप बाजूला ठेवलं. सोनम शेडच्या दारात खराटा धरून उभी राहिली होती.

"ह्ये मला कशाला सांगिटलंस?" रंगूबाई शेवटी म्हणाली.

"खरं हाय म्हणून."

"खरं तुझं हुतं. तुझ्यापाशीच ठिवायचं. आता तुझं हलकं झालं. माझं काय? मी मरस्तवर आईला पाणी मागताना ऐकत बसू?"

ती भिंतीला धरून उठली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. आम्ही तासभर पायरीवर बसलो. दार उघडलं नाही. सोनमनं खूण केली, जा आता.

परतीच्या गाडीत मनुबाई एवढंच म्हणाली, "आक्काचं बराबर हाय. मी माझ्यासाठनंच गेलते. रविवारचा पेला घ्यायला मिळावा म्हणून." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "टीचर, कुणी इचारलं तर सांगा. झाकायचं न्हाई. पर आपणहून मिरवायचं बी न्हाई."

शनिवारी मी पाळकसाहेबांकडे गेले आणि सत्कार रद्द करा म्हणाले. ते हसले. "मनुबाईंनी पाठवलं ना तुम्हाला? फार नम्र बाई आहे हो." त्यांनी का म्हणून विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःची समजूत घालण्यासाठी म्हणते. खरं तर सांगायला मला लाज वाटली. मनुबाईची नाही, माझ्या भाषणांची.

रविवारी देऊळ भरलं होतं. मनुबाईनं शाल घेतली. मी मानपत्र वाचलं. ते छापून, चौकटीत बसवून आलं होतं, त्यामुळे एक अक्षर इकडचं तिकडं करता आलं नाही. 'नम्र' आला की मी घाईनं पुढं जायचे, तरी तो सातही वेळा ऐकू गेला.

मग प्रभुभोजन सुरू झालं. पाळकसाहेब तबक घेऊन सरळ तिच्यापुढे आले. मनुबाईनं पेला उचलला आणि डावीकडच्या सुलाबाईला दिला. सुलाबाई गोंधळली, पण तिनं घेतला. पाळकांनी दुसरा पेला पुढं केला. तो मनुबाईनं उजवीकडे दिला. तिसरा मागच्या रांगेत दिला. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माईकवर म्हणाले, "बंधूंनो, भगिनींनो, पाहा, आजही ही बहीण स्वतःला शेवटचं ठेवते." तबक पुढं गेलं. बायकांनी डोळे पुसले. ते तबक माझ्यापुढे आलं तेव्हा मीसुद्धा पेला घेतला. न घेण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

उपासना संपल्यावर मी मागच्या खोलीत गेले. मनुबाई शाल घडी करून पेटीवर ठेवून पेले धूत होती. मी चिडून बोलले. म्हणाले, "मनुबाई, आता बास करा. प्रभू क्षमा करतो हे तुम्हाला मी सांगायचं? केव्हाच केली असेल त्यानं."

"केली आसंल की," ती म्हणाली. "त्येचं कामच हाय त्ये. पर लागलंय आक्काला. तिनं माफ केल्याबिगर मी प्रभूच्या मागं जाऊन लपू व्हय?"

मी फडकं घेतलं आणि तिनं धुतलेले पेले पुसायला लागले.

पंधरा दिवसांनी तिनं देवळाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. बरोबर एक पिशवी. मी विचारलं, आक्कानं बोलावलं का? नाही म्हणाली. मग हाकलून दिलं तर? "तर माघारी यीन. आन् पुन्ना जाईन." एकाहत्तर वर्षांची बाई, त्या जखमेपासून एक पाय अधू, आणि मी तिला स्टँडवर सोडून आले.

सोनमचा नंबर मी घेऊन ठेवला होता. महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायचे. मनुबाई शेडमध्ये शेळ्यांशेजारी पथारी टाकून झोपते. शेण काढते, पाणी भरते, आक्काला दिसायचं कमी झालंय म्हणून तिला हाताला धरून नेते-आणते. आणि रंगूबाई? "सासूबाई हात धरू देत्यात," सोनम म्हणाली, "पर बोलत न्हाईत. एक सबूद न्हाई. मला म्हणत्यात, तिला सांग, तिला वाढ." उन्हाळा असा गेला. पावसाळा गेला. नाताळला मी केक पाठवला, तेव्हाही सोनम हेच म्हणाली.

इकडे मंडळीत निराळंच चालू होतं. आमच्यातला धनाजी टेम्पो चालवतो. तो माल घेऊन तिकडे गेला असताना गावची जत्रा होती. त्यानं बघितलं की मनुबाई बहिणीला हाताला धरून देवीच्या देवळात घेऊन आली, नैवेद्याचं ताट तिच्या हातात दिलं आणि स्वतः बाहेर बहिणीच्या चपला धरून बसली. धनाजीनं येऊन सांगितलं ते असं, की मनुबाई परत देवीला जायला लागली. चपलांचं तो सांगायला विसरला नाही, पण ऐकणारे विसरले. ज्या बायकांनी सत्काराच्या दिवशी डोळे पुसले होते त्याच म्हणाल्या, शेवटी रक्त तिकडचंच.

या मार्चमध्ये कमिटी बसली. आमच्या घटनेत कलम आहे की सबळ कारण नसताना वर्षभर प्रभुभोजनाला गैरहजर राहिलेल्याचं नाव सभासदांच्या यादीतून कमी करावं. पाळकसाहेबांनी खेदानं विषय मांडला. माणूस वाईट नाही, त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

कुणी विचारलं नव्हतं, तरी मी उभी राहिले. सगळं सांगितलं. फोन, वाटी, वस्ती, पेला. म्हणाले, "वर्षभर कसलं? ती एकोणीस वर्षं गैरहजर होती. आपल्यासमोर. आपण तिचा सत्कार केला. आणि आता पहिल्यांदा ती खरोखर समेट करायला गेलीय, तर तुम्ही नाव काढताय?"

मग पाळकसाहेब हळूच म्हणाले, "टीचर, मग तर हे आणखीच गंभीर आहे." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. हात वर झाले. माझा एक खाली राहिला.

ठराव लिहायचं काम सेक्रेटरीचं. सगळे उठून गेल्यावर मी लिहिलं की मनुबाई ही बहीण प्रभुभोजनास सतत गैरहजर राहिल्याने तिचे नाव कमी करण्यात आले. मानपत्रात मी एवढी ओळ लिहिली असती तर बरं झालं असतं. मग मी सोनमच्या नंबरवर फोन लावला. ही बातमी मनुबाईला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको होती. फोन मनुबाईनंच उचलला. सोनम रानात गेली होती.

मी सांगितलं. अडखळत सांगितलं. ती ऐकत राहिली.

"बराबर लिवलंय," ती म्हणाली. "आदीच लिवाय पायजे हुतं. तुमी नका वाईट वाटून घिऊ."

तेवढ्यात फोनमध्ये लांबून एक चिडका, म्हातारा आवाज आला, "मने, ठिव त्यो फोन! करडू सुटलंय बग, आवाज येतोय."

पलीकडे श्वासही ऐकू येईना. मी घाबरून हाका मारल्या, "मनुबाई? मनुबाई?"

"टीचर," ती इतक्या हळू बोलली की मी फोन कानाशी दाबून धरला, "आक्का बोलली. माझं नाव घिऊन बोलली."

फोन तिनं कुठेतरी ठेवला असावा, बंद केला नाही. मला रडू फुटलं. वहीवर डोकं ठेवून मी मोठ्यानं रडले. पाळकसाहेब किल्ली घ्यायला दारात आले होते, ते माझ्यापाशी येऊन म्हणाले, "टीचर, दुःख करू नका. हरवलेल्या मेंढरासाठी आपण प्रार्थना करू या." आणि त्यांनी डोळे मिटले. माझ्या कानाला फोन तसाच होता आणि त्यातून धापा टाकत, लंगडत पळणाऱ्या मनुबाईचा आवाज येत होता, "आले गं आक्का, आले."